अकरावा नग

आमच्या तिकटीवरचा मैलाचा दगड १९८४ सालापासून ग्रामपंचायतीच्या नोकरीत आहे आणि मोरघोलला निघालेल्या माणसानं कुठल्या वाटेनं जायचं, हे तोच ठरवतो.

नेमणूक रीतसर आहे. वर्ग चार, वर्षाला एक हात चुना आणि दसऱ्याला झेंडूची माळ. बढतीसाठी त्याचं नाव दोनदा तालुक्याला गेलं होतं. दोन्ही वेळा वरून पत्र आलं की उमेदवारानं मुलाखतीस समक्ष हजर राहावं. ते प्रकरण तिथंच बसलं. दगडही तिथंच बसलाय. रजा त्यानं कधी मागितली नाही, पण हल्ली बोलता बोलता तो मधेच थांबतो आणि "हां, कुठं होतो आपण?" असं विचारतो. दगडानं हे विचारावं म्हणजे जरा जास्तच झालं, पण इतकी वर्षं उन्हात उभं राहून माझंही याहून वेगळं झालं नसतं.

तिला तिकटी म्हणतात, तरी तिथून मोरघोलकडं पाच वाटा फुटतात. मोजणारा लवकर जेवायला गेला असावा. दगड अंतर मैलात धरत नाही. त्याच्या अंगावरचा आकडा माझ्या लहानपणीच पुसला गेला. तो शिणात धरतो. घाटाची वाट दहा शीण, ओढ्याची वीस, माळाची तीस. पूर्वी सगळं गाव घाटानंच जायचं. मग घाटात माणसाला माणूस घासायला लागलं, ओढ्याच्या वाटेवर गवत माजलं, आणि माळाच्या वाटेनं तर पंचायतीत अर्ज केला की गेल्या आठ महिन्यांत आपल्यावरून फक्त एक मुंगूस गेलं. अर्ज रास्त होता. तेव्हापासून दर अकरांमागं सहा घाटानं, तीन ओढ्यानं आणि दोन माळानं, अशी फेरी ठरली. जिथं शीण कमी तिथं जास्त जण, पण जिथं शीण जास्त तिथंही थोडे. हे प्रमाण दगडानं स्वतः काढलं. मला अपूर्णांक कधी जमले नाहीत, म्हणून तपासायला मी तीन मास्तर नेले. तिघांची तीन उत्तरं आली आणि दगडाचं बरोबर निघालं.

चौथी वाट दर्ग्यावरून जाते, पन्नास शिणांची. तिच्यावर तो कुणाला धाडत नाही, कारण सगळ्यात सोप्या वाटेच्या तिपटीपर्यंतच माणसाला त्रास द्यावा, असं त्याला वरून लेखी आलंय. पाचवी खिंडीची. ती पंचवीस शिणांचीच, म्हणजे माळापेक्षा बरी, तरी तिलाही बंदी. कारण विचारलं की तो न कंटाळल्यासारखं करून सांगतो, "खिंडीतल्या दगडापासून मोरघोल पंधरा शीण. माझ्यापासून घाटानं दहा. ज्याला मोरघोल माझ्यापेक्षा लांब, त्याच्याकडं माणूस दिला तर तो त्याला फिरवून माझ्याकडंच पाठवणार. मग मी त्याच्याकडं. मग तो माझ्याकडं."

एका विमा एजंटाला हे पटलं नव्हतं. तो हट्टानं खिंडीनं गेला. नऊ दिवस दोन्ही दगडांनी त्याला एकमेकांकडं अगदी अदबीनं पाठवलं. दहाव्या दिवशी त्यानं आमच्याच गावात खोली भाड्यानं घेतली.

आधी मोजणी मंडळीवर व्हायची. एका कामाला निघालेली माणसं म्हणजे एक, मग दोघं असोत की दोनशे, ती सगळी एकाच वाटेनं जायची. हे मोडलं ते माझ्यामुळं.

आमचे सरपंच विष्णुआण्णा थोरात यांच्या पोराचं वऱ्हाड मोरघोलला निघायचं होतं. एकशे चाळीस माणूस, बँड आणि घोडा. ते सगळं 'एक' धरून घाटानं जाणार, आणि त्याच दिवशी एकेकट्या निघालेल्या म्हाताऱ्या ओढ्यानं. म्हाताऱ्यांचं मला काही पडलं नव्हतं. मला घोडा माळावरून जाताना बघायचा होता. म्हणून ग्रामसभेत उठून मी ठराव मांडला की मोजणी नगावर व्हावी. जे जे सुटं करता येतं तो एक नग, आणि ज्याची त्याची वाट वेगळी. समता, हक्क असले शब्द मी मधे मधे पेरले. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. वऱ्हाडात जाणाऱ्यांनीच जास्त वाजवल्या.

लग्नादिवशी नवरदेव घाटानं वेळेवर पोचला. फेट्याचा डबा माळानं गेला. ढोल ओढ्यानं, ढोलाच्या काठ्या घाटानं. भटजी आले, पोथी दुसऱ्या दिवशी आली आणि सगळे उठून गेलेत असं बघून तशीच परत फिरली. नवरदेवानं डोक्याला टॉवेल गुंडाळून अक्षता घेतल्या. घोडा माझ्या दुर्दैवानं घाटानंच गेला. तरी मी आठ दिवस हसत होतो.

ठराव मात्र राहिला. लोकांनी जुळवून घेतलं, लोक घेतात. जीप घाटानं आणि ड्रायव्हर ओढ्यानं जायला लागल्यावर लोकांनी गाड्या सोडल्या आणि सगळे चालायला लागले. आता माणूस आधी पोचतो आणि मग पडवीत बसून आपल्या पिशवीची वाट बघतो. अंगावरचे कपडे दगड मोजत नाही, तेवढी भीड त्याला आहे. चपला मोजतो, एकेक. आणि पोटात ठेवलेलं बोलणंही मोजतो. कुणाला तरी सांगायची म्हणून धरून ठेवलेली गोष्ट सुटी करता येते, म्हणून ती नग. आता बोलण्याला काही पाय नसतात. दिवसाला चार शीण, त्याच्यावर त्याला ओढवत नाही. घाटानं अडीच दिवस, ओढ्यानं पाच, माळानं साडेसात. म्हणून शहाणी माणसं तिकटीच्या अलीकडं जांभळीखाली थांबतात आणि काय बोलायचं ते बोलून मोकळी होतात. बाजाराच्या दिवशी तिथं नवराबायकोंची रांग असते.

यंदा श्रावणात मोरघोलहून अक्काच्या सुनेचा, शेवंताचा, फोन आला. अक्का म्हणजे अनसाक्का, माझी थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, त्यात दमा.

"मामा, आत्याबाई पंचमीला माहेरी जायचं म्हणतायत," शेवंता म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालत जाऊ द्या, पण गुरुवारी घरात पाहिजेत. पुढच्या वर्षाचं विचारलं तर काही बोलले नाहीत."

मग तिनं आवाज खाली आणला. अक्काला मला काहीतरी सांगायचं होतं. शेवंतानं फोन तिच्या कानाला लावून बघितला होता, पण ती नको म्हणाली. माहेरच्या उंबऱ्यावर उभी राहून सांगीन म्हणाली.

काय सांगायचं असणार, ते मला ठाऊक होतं.

नागपंचमीला सासरी गेलेल्या बहिणीला आणायला माहेरचा भाऊ जातो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी मुराळी म्हणून निघालो, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वाटेत कुस्त्यांचं मैदान भरलेलं. दिवस तिथंच घालवला, जिलेबी खाल्ली, आणि घरी येऊन आईला सांगितलं की सासरची माणसं पाठवत नाहीत. मला ती गंमत वाटली होती. चार दिवसांनी सांगून टाकू, असा बेत होता. पण आई रडली, आणि मोरघोलच्या माणसांना तिनं अशा शिव्या दिल्या की मग सांगायची सोयच उरली नाही. अक्का त्या दिवशी गाठोडं बांधून दारात बसली असणार. पुढं ती दर पंचमीला आली, पण त्या पंचमीबद्दल एक अक्षर बोलली नाही. आईच्या शिव्याही तिनं सासरच्या नावावर तशाच राहू दिल्या. याला बावन्न वर्षं झाली. मी उभ्या गावाची टर उडवतो, पण पंचमी आली की जरा गप्प असतो. गावाला वाटतं, देवाधर्माचं काहीतरी असेल.

मी सरपंचांकडं गेलो. म्हटलं, आण्णा, पाच दिवस तो ठराव बाजूला ठेवता येईल का? आण्णांनी मला बसवलं, चहा सांगितला, कागद काढून वाचला. म्हणाले की ठराव फिरवायला ग्रामसभा लागते, आणि ग्रामसभा पंचमीनंतर आठ दिवसांनी आहे. मग चहा येईपर्यंत ते भिंतीवरच्या पोराच्या लग्नाच्या फोटोकडं बघत बसले. टॉवेल हिरवा होता, चौकड्यांचा. चहाला साखर बरोबर होती.

शुक्रवारी सकाळी तिकटीवर गेलो. चपला घरी ठेवून गेलो, उगाच नग वाढायला नकोत.

"नाव?" दगडानं विचारलं.

"रंगराव शेवाळे. मी लहान होतो तेव्हा तुझ्यावर बसायचो."

"नोंदीसाठी विचारावं लागतं, नाना. नग किती?"

"दोन. मी आणि छत्री."

दगडानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तीन," तो म्हणाला. "छातीत एक आहे. बरंच जुनं दिसतंय, कडा झिजल्यात."

"ते राहू दे."

"राहू कसं देणार? बहिणीला सांगायचं म्हणून निघालंय." मग फेरी कुठवर आलीय ते त्यानं बघितलं. "पाचवा आणि सहावा, घाट. सातवा, ओढा."

ओढ्यानं म्हणजे बुधवार. मी वाद घातला नाही. ठराव माझाच होता.

मोरघोलला पोचल्यावर मी अक्काला तिच्याच दारात म्हटलं, काय ते इथंच सांगून टाक, शिव्या द्यायच्या तर इथंच दे. ती म्हणाली, "माहेरच्या उंबऱ्यावर सांगणार म्हटलंय ना? मी काय दारोदार सांगत फिरू?" मग खोकली, आणि खोकला थांबल्यावर मला विचारलं, दाढी का वाढवलीस, कुणी मेलंय का.

तेव्हा मी डोकं चालवलं. मोरघोलच्या टोकालाही एक दगड आहे, तोही आमच्याच ठरावानं चालतो. माणसं आधी मोजतो, मग हातातलं, आणि पोटातलं सगळ्यांत शेवटी, कारण ते त्याला उशिरा दिसतं. अकरा नगांची फेरी. मी अकरा नग बरोबर जुळवले. अक्का आणि मी, तिच्या दोन चपला, काठी, औषधांची पिशवी: हे सहा घाटानं. गाठोडं, छत्री, पाण्याची बाटली: तीन ओढ्यानं. रिकामा डबा आणि एक नारळ: दोन माळानं. फेरी पुरी. मग अक्काचं बोलणं बारावं, म्हणजे नव्या फेरीतलं पहिलं, म्हणजे घाट. अडीच दिवसांत, सोमवारी रात्रीच्या आत, ते आमच्या उंबऱ्यावर. शाळेत मला कुणी असं काही शिकवलं असतं तर मी शाळेत बसलो असतो.

शनिवारी सकाळी दगडापाशी थांबलो. आमच्या पुढं एक दूधवाला होता. त्याचे शेवटचे दोन कॅन माळानं गेले, जुनी फेरी संपली आणि दगड म्हणाला, "पुढचे या."

सहा घाटाला लागले, तीन ओढ्याला, डबा माळाला. सगळं माझ्या मनासारखं.

"अकरावा नग," दगड म्हणाला. "बोलणं. माळ."

मी पायाशी बघितलं. नारळ नव्हता. दगडाशेजारीच मोरघोलचा म्हसोबा आहे. गावची सून माहेरी निघाली की वेशीवर त्याच्यापुढं नारळ ठेवते, तशी तिथली रीत आहे. मी दुधाचे कॅन मोजत होतो तेव्हा अक्कानं माझ्या पायाशी ठेवलेला नारळ उचलून म्हसोबापुढं ठेवला होता.

"देवाला काय मोकळ्या हातानं नमस्कार करू?" ती म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही. बारा नगांचा बेत तिला समजावण्यापेक्षा घाट उतरणं सोपं होतं.

पाच ठिकाणी बसत बसत, दिवस मावळायला घरी पोचलो. अक्का उंबऱ्यावर उभी राहिली, पदर सारखा केला, तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही आलं अजून," ती म्हणाली. "पाणी दे."

बाकीचं सगळं तिला बोलता येत होतं. भिंतीला हा कसला रंग दिलास, चहात आलं जास्त झालं, शेजारणीची सून चांगली आहे पण नाक फार उडवते. रविवारी पंचमी झाली. पोरी झोक्यावर बसल्या, अक्का ओसरीवरून त्यांना उंच उंच घ्यायला सांगत होती. मधे तीनदा उठून उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि परत येऊन बसली.

मी तिकटीवर जाऊन चौकशी केली. दगडाला मोरघोलच्या दगडाकडून कळलंच होतं.

"शनिवारी निघालंय. साडेसात दिवस. येत्या शनिवारी रात्री पोचेल."

"अक्का गुरुवारी जाणार."

"मग ते इथं येईल आणि सांगणारी तिथं असेल," दगड म्हणाला. "अशी तेरा बोलणी गावात पडून आहेत, नाना. शाळेच्या ओट्यावर बसतात. कुणाला त्रास देत नाहीत बिचारी."

आणि अक्का पुढच्या वर्षी यायची नव्हती. हे डॉक्टर बोलला नव्हता, शेवंता बोलली नव्हती, आणि दगडही बोलला नाही. पण तो मधेच थांबला आणि "कुठं होतो आपण?" असं त्यानं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी बोलण्याला सामोरा निघालो. माळाची वाट मिळायला दहावा नाही तर अकरावा नंबर लागतो, आणि फेरी नुकतीच संपलेली. म्हणून मी ओढ्यातले दहा खडे खिशात घेऊन गेलो आणि दगडापुढं ओळीनं मांडले.

"हे नग?" त्यानं विचारलं.

"नग."

"कुठं निघालेत?"

"मोरघोलला. अक्काच्या घरी. मी मागनं येतोय."

दगड खड्यांकडं बराच वेळ बघत राहिला. लांबच्या नात्यातले असतील. मग त्यानं सहा घाटाला लावले, तीन ओढ्याला, एक माळाला. "अकरावा, माळ," तो मला म्हणाला, आणि जरा थांबून, "पायात काही घालायचं होतंत, नाना."

माळाच्या वाटेवर मी उभ्या जन्मात गेलो नव्हतो. सगळी बाभळ आणि कुसळं. वाटेत एक डावी चप्पल दमून बसलेली दिसली. एक सतरंजीची वळकटी भेटली, ती नमस्कार घेऊन पुढं गेली. दूधवाल्याचे कॅनही दिसले, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एक रात्र धनगराच्या वाड्याजवळ काढली.

मंगळवारी दुपारी बोरीखाली अक्काचं बोलणं बसलेलं सापडलं. ओळखायला वेळ लागला नाही. बसण्याची ढब तीच, एक गुडघा वर आणि त्याच्यावर हात. अंगभर धूळ. तीन दिवसांत बारा शीण आलं होतं आणि अजून अठरा राहिले होते.

मी म्हटलं, काय आहेस ते मला इथंच सांग, म्हणजे मला पुढचं चालताना तयारी करता येईल. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. ते अक्काच्याच तोंडानं निघणार होतं. मग मी त्याला खांद्यावर घेतलं. भरल्या घागरीएवढं वजन. वाटभर ते खांद्यावर हलत होतं, थांबून थांबून हुंदके दिल्यासारखं. मला वाटलं, रडतंय. मी त्याला दोनदा थोपटलं. तसं ते जास्तच हलायला लागलं.

बुधवारी तिन्हीसांजेला घर आलं. अक्का उंबऱ्यावर उभीच होती. मी बोलणं खाली ठेवलं. ते तिच्यापाशी गेलं आणि पाण्याचा घोट जावा तसं तिच्यात गेलं. अक्कानं पदरानं तोंड पुसलं.

"रंग्या, त्या पंचमीला तू आला नाहीस."

"हो, अक्का."

"आला असतास तरी मी घरी नव्हते."

पायात कुसळं होती, ती काढायचं सुचलं नाही.

"सासूला म्हटलं, माझी मीच माहेरी जाते, भाऊ वाटेत भेटेल. आणि जावेला घेऊन गेले कुस्त्या बघायला," अक्का म्हणाली. "तू जिलेबीच्या गाड्यापाशी उभा होतास. हनुवटीपर्यंत पाक. आम्ही दोघी उसाच्या गाडीमागं बसलो, तू जाईपर्यंत. पाय मोडून आले. परत जाऊन सासूला सांगितलं, भाऊ भेटलाच नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"दर पंचमीला न्यायला यायचास तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालेलं असायचं. ते बघायला मजा यायची. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू." तिनं दम घेतला. "आता पुढचं वर्ष म्हणायला दम पुरत नाही."

मग ती हसायला लागली, आणि हसताना तिचे खांदे जसे हलले ते मी ओळखलं. दोन दिवस ते माझ्या खांद्यावर होतं. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं, पाणी पिऊन ती परत हसली. मलाही काहीतरी म्हणायचं असणार, म्हणून मी छातीत बघितलं. तिथं जागा रिकामी होती.

गुरुवारी सकाळी अक्काचं गाठोडं बांधत होतो, तेवढ्यात शेवंताचा फोन आला. दहापैकी सहा खडे आले होते, ते तिनं तुळशीपाशी ठेवले होते. फोन त्यासाठी नव्हता.

"मामा, तुमच्याकडनं अजून काहीतरी आलंय हो," ती म्हणाली. "कालपासून दारात उभंय. मान वर करत नाही. आत ये म्हटलं तर येत नाही, चहा दिला तर घेत नाही. काय करू त्याचं?"

अक्का उंबऱ्यावर बसून चपला घालत होती. आधी डावी, मग उजवी.

म्हटलं, उभं राहू दे. सवय आहे त्याला.